वाळूतली नथ

“वयनी, इथं मशीन लावू नका,” राघोदादा म्हणाले.

मी वाळूत खुंट्या ठोकून दोरी ताणत होते. वेळाण्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या तोंडाशी, वाळूचा एक सपाट पट्टा आहे. शिमग्यात देवीची पालखी तिथं नाचते. सकाळची वेळ होती, ओहोटी लागली होती, आणि राघो गुरव आपल्या शहाळ्यांच्या टपरीवरून हातातला कोयता तसाच घेऊन माझ्यापर्यंत चालत आले होते.

“का नको?” मी म्हटलं. “तुमच्यासाठीच तर लावतेय.”

“माझ्यासाठी तर नकोच नको.”

एवढं बोलून ते वळले आणि टपरीकडे चालायला लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. ज्या माणसावर देवीची सोन्याची नथ चोरल्याचा आळ आहे, तोच माणूस म्हणतो, नथ शोधू नका. याचा मला काही केल्या अर्थ लागेना. पण अर्थ लागत नाही म्हणून हातातलं काम टाकून देणाऱ्यातली मी नव्हे. मी पुढची खुंटी ठोकली.

ते मशीन मी मस्कतहून आणलं होतं. ह्यांची नोकरी तिथल्या बंदरावर होती. आमच्या शेजारी रोझलिंडा नावाची एक फिलिपिनो नर्स राहायची. दर शुक्रवारी ती कानाला हेडफोन लावून, हातात लांब दांडा घेऊन समुद्रावर जायची. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. मला वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकदा तिने ते हेडफोन माझ्या कानांवर ठेवले, दांडा हातात दिला, आणि दहा पावलं चालल्यावर माझ्या कानात काहीतरी गुणगुणलं. हातांनी वाळू उकरली, तर लहान मुलाच्या पायातला चांदीचा वाळा. त्या दिवसापासून मलाही वेड लागलं.

फुशारकी म्हणा हवं तर, पण मला त्या आवाजातलं कळायला लागलं. बाटलीचं झाकण फाटक्या आवाजात बोलतं. जाळ्याचं शिसं बोजड बोलतं. जाड नाणं खणखणीत. सोन्याचा आवाज मऊ, गोल, जरा लाजराच. पडद्यावर आकडाही उमटतो, पण माझा भरवसा कानावर. नोकरी संपवून आम्ही वेळाण्याला परत आलो, तेव्हा सोबत मशीन होतंच. पर्यटकांची अंगठी पाण्यात गेली, कुणाचं डूल वाळूत पडलं, की हॉटेलवाले मला बोलवायला माणूस धाडायचे. मी पैसे घेत नसे. माझी अट एकच होती. वस्तू कशी हरवली ते आधी नीट सांगायचं. हरवल्याची गोष्ट ऐकली की कुठे शोधायचं ते निम्मं कळतं. गावात माझं इतकं नाव झालं की एकाने मला हरवलेली म्हैस शोधायला बोलावलं होतं.

आणि तरी, ज्या हरवल्याची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती, त्या नथीला मी दोन वर्षं हात घातला नव्हता. कारण ती नथ आमच्या घरची.

माझे मोठे दीर, दिनकर शिवलकर, लहान असताना टायफॉइडने मरता मरता वाचले. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी देवीला नवस फेडला. घसघशीत सोन्याची नथ, सात मोती आणि मधोमध लाल खडा. शिमग्यात देवीचं चांदीचं रूपं, म्हणजे मुखवटा, पालखीत बसायचं तेव्हा त्या नाकात ती नथ असायची. दागिन्यांची पेटी वर्षभर आमच्या घरात. शिमग्याच्या आदल्या दिवशी ती गुरवाच्या घरी जायची. पेटी उघडायचा, दागिने उजळायचा आणि देवीला ते चढवायचा मान गुरवाचा. राघोदादांच्या वाडवडलांपासून हे असंच चाललेलं.

या शोधाच्या बारा वर्षं आधी, आम्ही मस्कतला असताना, एका शिमग्याला पालखी किनाऱ्यावर नाचली, परत देवळात आली, आणि बघतात तर देवीच्या नाकात नथ नाही. लोकांनी वाळू चाळली, देऊळ झाडलं. काही हाती लागलं नाही. मग गावकी बसली. दिनकरभाऊजी देवस्थानचे अध्यक्ष. त्यांनी राघोदादांना सगळ्यांसमोर सांगितलं की देवीच्या अंगाला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही, नथ आणून ठेव, कुणी तुला विचारणार नाही. राघोदादा म्हणाले, मी घेतली नाही. याउपर मला काही बोलायचं नाही. झालं. पोलिसांत कुणी गेलं नाही, पण राघोदादांचा देवळातला मान गेला. शेजारच्या गावचा गुरव आणला. राघोदादा शहाळी विकायला लागले. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, ती त्यांच्या अंगणात जायची थांबली. हे सगळं आम्हाला मस्कतला पत्रांतून आणि फोनवरून तुकड्यातुकड्याने कळलं, आणि खरं सांगायचं तर दूरचं दुःख म्हणून आम्ही ते ऐकून सोडून दिलं.

आम्ही परतल्यावर दोन वर्षांनी मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. पावसाळ्यात समुद्राने किनारा असा कापला की सुरूच्या मुळाखालची वाळू माणूसभर खाली गेली. म्हणजे जुनी, खोलवरची वाळू मशीनच्या टप्प्यात आली. आणि भाऊजींनी जाहीर केलं की येत्या शिमग्याआधी गुरवपणाचा मान कायमचा नव्या गुरवाच्या घराण्याला लिहून द्यायचा. पुढे राघोदादांच्या मुलाबाळांनाही तो मिळणार नव्हता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

राघोदादांनी मला अडवलं हे मी घरी सांगितलं. भाऊजी शेजारच्याच घरात राहायचे. संध्याकाळी ओटीवर यायचे. ऐकून ते शांतपणे हसले.

“नलिनी, तूच विचार कर,” ते म्हणाले. “ज्याने घेतली नाही, तो म्हणाला असता, शोधा, पाताळातून शोधा. हा म्हणतो, नको. का? वाळूत नथ नाही हे त्याला ठाऊक आहे म्हणून.” मग म्हणाले, “तू शोधच. सगळा पट्टा शोध. नाही सापडली तर माझ्या मनालाही जी काय टोचणी आहे ती जाईल.”

भाऊजी दुष्ट नव्हते, हे इथं सांगायला हवं. कडक होते, आणि वडलांवर त्यांची देवासारखी श्रद्धा होती. ती नथ म्हणजे त्यांचा स्वतःचा जीव होता. ती होती म्हणून आपण आहोत, असं ते मानायचे.

मी शोधलं. सोन्याची नथ कशी वाजेल ते बघायला स्वतःची नथ वाळूत पुरून मशीन तिच्यावर फिरवलं, आकडा लक्षात ठेवला, आणि मशीन असं लावलं की फक्त त्या आसपासचं वाजेल, बाकीचं गप्प राहील. सहलींच्या झाकणांनी आणि चिल्लरीने तो पट्टा भरलेला. सगळं उकरत बसले असते तर म्हातारी झाले असते. दोरीने पट्टे पाडले आणि थंडीभर एकेक पट्टा चालले, उभा आणि मग आडवा. एका बाईचं कानातलं सापडलं, एक बारीक अंगठी सापडली. नथ नाही. राघोदादा टपरीतून सगळं बघायचे. पुन्हा कधी अडवायला आले नाहीत, पण मी शहाळं प्यायला गेले की नजर टाळायचे.

काम संपलं तेव्हा भाऊजींनी काही विचारलं नाही. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. त्यांनी गावकीची बैठक शिमग्याआधीच्या रविवारी ठरवली.

मला झोप लागेना, असं काही म्हणणार नाही. मी चांगली झोपते. पण एक गोष्ट मनात बसली होती. माझ्या कानावर माझा विश्वास होता. तिथं सोनं नव्हतं, हे नक्की. मग राघोदादांनी नथ घेतली होती का? आणि घेतली असेल, तर शहाळी विकणाऱ्या माणसाच्या हातून त्या सोन्याचं झालं काय? अंगावर धड सदरा नाही त्यांच्या. मी ठरवलं, सरळ जाऊन विचारायचं. हरवल्याची गोष्ट आधी ऐकायची, ही माझी अट मी स्वतःच मोडली होती. गावाने सांगितलेली गोष्ट मी ऐकली होती, राघोदादांची नाही.

मी गेले तेव्हा ते घरी नव्हते. सुंदरवहिनी, त्यांची बायको, मागच्या पडवीत समया घासत बसली होती. शिमग्यासाठी घरची भांडी काढलेली. मला बघून तिने पाट सरकवला, पण हात थांबवला नाही. चिंचेचा गोळा समईवर फिरत होता.

मी इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, तुमची थोरली कशी आहे. सुंदरवहिनीचा हात तेव्हा थांबला. थोरल्या मुलीचं, शेवंतीचं, लग्न ठरलेलं होतं नथ गेली त्या वर्षी. आळ आल्यावर मुलाकडच्यांनी मोडलं. नंतर कऱ्हाडकडे दिली, जरा वयाने मोठ्या माणसाला. ती पुन्हा गावात आली नाही.

“माझ्या हाताने उजळलेले देवीचे दागिने,” सुंदरवहिनी म्हणाली. “बारा वर्षांची होते लग्न होऊन आले तेव्हा. सासूने शिकवलं. सोनं रिठ्याच्या पाण्यात, चांदी राखेने. पुढं पुढं नथ तेवढी चिंचेने घासायला लागले, आणि लगेच फडक्यात...”

ती बोलता बोलता थांबली. समईवरून चिंचेचं पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं.

“नथ चिंचेने?” मी विचारलं.

“मी कुठं तसं म्हटलं,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

कोणत्याही बाईला विचारा. सोन्याला कुणी चिंच लावत नाही. चिंच लावतात तांब्या-पितळेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या पट्ट्यावर होते. आदल्या महिन्यांत जे जे मशीनला गप्प करायला लावलं होतं, ते सगळं मी बोलतं केलं. कानात एकच गलका झाला. नाणं, झाकण, झाकण, खिळा, पुन्हा नाणं. मी प्रत्येक खणखणीत आवाज उकरत गेले. सुरूच्या एका उघड्या पडलेल्या मुळाशी, कोपरभर खोल, मोठा जाड आवाज आला. जाळीच्या फावड्याने वाळू काढली, हलवली, आणि फावड्यात एक हिरवट वाटोळा गोळा राहिला. वाळू त्याला चिकटून दगड झालेली. अंगठ्याने एक पापुद्रा काढला तर आत लाल खडा. खड्याच्या एका बाजूचा टवका उडालेला. देवीच्या नथीच्या खड्याचा टवका उडालाय, हे वेळाण्यात पोरासोरांनाही माहीत होतं.

मी ती हातात घेऊन तशीच टपरीवर गेले आणि राघोदादांपुढे शहाळ्यांच्या ढिगावर ठेवली. हातातला कोयता त्यांनी खाली ठेवला आणि बाकावर बसले.

“सुंदरा बोलली काय?” त्यांनी विचारलं.

“बोलता बोलता थांबली. तेवढं पुरलं मला. आता तुम्ही सांगा.”

त्यांनी सांगितलं. मध्ये दोनदा गिऱ्हाईक आलं, त्यांना त्यांनी हातानेच परत पाठवलं.

“तुमचं लग्न व्हायचं होतं. तुमच्या पद्माकरला मस्कतला जायचं होतं आणि एजंट म्हणत होता, आठवड्यात पैसे आणा, नाहीतर व्हिसा दुसऱ्याला. तुमचे सासरे सकाळी देवळात आले. देवीसमोर बसून राहिले बराच वेळ. मग मला म्हणाले, राघो, थोरल्याला हिने जगवला, आता धाकट्याला हिनेच मार्गाला लावायला हवं. मी ही नथ नेतो. पोरगं कमवायला लागलं की पुन्हा घडवतो. शिमगा नुकताच आटपला होता, पेटी अजून माझ्याकडेच होती. मी उघडून दिली. चार दिवसांनी तशीच नथ आणून दिली त्यांनी, पितळेची, वर मुलामा. खडा तोच बसवलेला. म्हणाले, हे देवीत, तुझ्यात आणि माझ्यात. मी देवीच्या पायावर हात ठेवला. सुंदराला तेवढं दागिने उजळताना कळलंच.”

“मग त्यांनी पुन्हा घडवली का नाही?”

“घडवणार होते. पोरगं कमवायला लागलं तेव्हा घराचं छप्पर आलं, तुमच्या नणंदेचं लग्न आलं. मग एका दुपारी बागेत पडले ते उठलेच नाहीत.”

मी म्हटलं, गावकी बसली तेव्हा तुम्ही हे का सांगितलं नाही. राघोदादा माझ्याकडे बघून पहिल्यांदाच जरा हसले.

“कुणाला सांगू? साक्षीला मेलेला माणूस उभा करू? चोर तो चोर, आणि वर मालकाच्या नावाला काळं फासतो, म्हणाले असते. दिलेला शब्दही गेला असता आणि आळही राहिला असता. एक तरी ठेवला.”

“आणि मला शोधू नका म्हणालात ते?”

“सापडली की तुमचंच घर उघडं पडणार. मला तर काय, सवय झाली होती.”

मी ती नथ पदरात बांधली आणि घरी आले. वाटेत मला सारखं ते मशीन आठवत होतं. ते मस्कतमधून आलं, आम्ही मस्कतला गेलो नथीतून, आणि आमच्या सगळ्या वर्षांची किंमत या माणसाने चुकती केली. हे आमचं घर, ओटीवरची फरशी, माझ्या हातातल्या बांगड्या. मी देवभोळी नाही, पण त्या वेळी देवळासमोरून जाताना मी मान वर केली नाही.

हे अंगणात सुपाऱ्या सोलत होते. मी नथ पुढ्यात ठेवली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. हे तसे अबोल. बंदरावर क्रेन चालवून चालवून खुणांनीच बोलायची सवय लागलेली. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाबा म्हणाले होते, बाग मक्त्याने दिली. मी विचारलं नाही. पैसे मिळताहेत म्हटल्यावर कोण विचारतो?” आणि उठून सदरा घातला. “चल, भाऊकडे.”

भाऊजींनी नथ उजेडात धरली. टवका उडालेला खडा बघितला. नखाने हिरवं खरवडलं, खाली पिवळं पितळ दिसलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ज्या नथीवर ते जगले होते, ती त्यांच्या वडलांनी मोडली होती, आणि तीही धाकट्यासाठी. मग ते एकदम अध्यक्षांसारखे बोलायला लागले.

“रविवारी मी सांगतो की नथ वाळूत सापडली. राघोला मान परत. त्याची माफी मागतो, सगळ्यांसमोर मागतो. पण त्याआधी ही साफ करून वर पाणी चढवून आणू. पितळेची होती हे कुणाला कळायचं कारण नाही. राघोलाही तेच हवं असेल.”

आणि ते खरं होतं. राघोदादांना तेच हवं असतं. क्षणभर मलाही वाटलं, किती सोपं आहे. सगळ्यांचं भलं होतंय.

“भाऊजी, ही घासायची नाही,” मी म्हणाले.

त्या घरात मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघायला लागले.

“चकचकीत नथ घेऊन तुम्ही उभे राहिलात तर लोक काय म्हणतील? मशीनवालीच्या भीतीने राघोने आदल्या दिवशी पुरून ठेवली. सोनं काल पुरलं काय आणि बारा वर्षांपूर्वी पुरलं काय, बाहेर काढल्यावर सारखंच दिसतं. तुम्ही मान परत दिल्याने त्यांच्यावरचा आळ जाणार नाही. हे हिरवं आहे ना, ही वाळू दगड होऊन चिकटलीय ना, हाच एक साक्षीदार आहे त्या माणसाकडे. तो आपण घासून टाकायचा?”

“आणि बाबांचं नाव?” भाऊजींनी विचारलं.

त्याचं उत्तर द्यायचा अधिकार माझा नव्हता. हे म्हणाले, “बाबांचं मी बघतो.”

रविवारी देवळाच्या सभामंडपात माणूस मावत नव्हता. नवा गुरवही आला होता, बिचारा ओशाळून एका खांबाला टेकून बसला होता. राघोदादांना ह्यांनी स्वतः जाऊन आणलं होतं, पण ते मंडपात आले नाहीत. सुंदरवहिनीबरोबर बाहेर चाफ्याखाली उभे राहिले. भाऊजींनी बैठक सुरू केली आणि म्हणाले, आधी माझा भाऊ बोलेल. आमचे हे चार माणसांत बोलायला उठलेत, हे गावाने पहिल्यांदा बघितलं.

ह्यांनी नथ तबकात ठेवून सगळ्यांना दिसेल अशी धरली. “ही देवीची नथ,” ते म्हणाले. “परवा वाळूत सापडली. पितळेची आहे. सोन्याची माझ्या बापाने मोडली आणि मला मस्कतला धाडलं. राघोदादांना ते ठाऊक होतं. माझ्या बापाला शब्द दिला होता म्हणून ते बोलले नाहीत. तो शब्द आता मी सोडवतो. बापामागे तो अधिकार माझा आहे.”

मग ते खाली बसले. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं भाषण.

तबक हातोहात फिरलं. बायका ते जास्त वेळ बघत होत्या. एकाने शंका काढलीच की हे कशावरून. तेव्हा मासळी विकणारी गंगी म्हणाली, घरातलं पितळेचं भांडं खाऱ्या वाळूत पूर आणि इतकं हिरवं व्हायला किती वर्षं लागतात ते मोज. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, पितळेसाठी माणसाला देशोधडीला लावलं. भाऊजींनी ते ऐकलं. ते उठले, मंडपाच्या पायऱ्या उतरले आणि चाफ्यापाशी जाऊन त्यांनी राघोदादांपुढे हात जोडले. राघोदादांनी ते हात धरून खाली केले. म्हणाले, दिनकरशेठ, तुम्ही जे खरं मानत होता तेच केलंत.

इथं गोष्ट संपावी असं भाऊजींना वाटत होतं. सुंदरवहिनीला तसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी रीतसर त्यांच्या घरी गेले, मान परत घ्या म्हणून सांगायला. मी बरोबर होते. पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. सुंदरवहिनीने तांब्या आणून ठेवला.

“पाणी घ्या,” ती म्हणाली. “ह्यांनी तुम्हाला माफ केलं ते ह्यांचं. माझ्या लेकीचं मी कसं करू? ते तिला जाऊन विचारा.”

मला वाटलं, भाऊजी उठून जातील. त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, आणि शेवंतीच्या सासरचा पत्ता विचारला.

ते एकटेच गेले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी घाट चढून एसटीने गेले. ह्यांनी गाडी करून देतो म्हटलं तर नको म्हणाले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, “पोरीने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नलिनी, ते जेवण गिळणं फार कठीण होतं.”

आम्ही त्या वर्षी देवीला नवी नथ घडवायला टाकली. शिमग्यापर्यंत ती तयार झाली नाही. नथीशिवाय देवी कशी, असं काही जण म्हणाले. राघोदादा म्हणाले, इतकी वर्षं राहिली, आणखी एक राहील. आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी रूपं लावलं. कुणाला मदत करू दिली नाही.

पालखी देवळातून निघाली. नेहमी आधी मानकऱ्यांच्या घरी जाते. त्या वर्षी भाऊजी पालखीच्या पुढे चालत होते आणि त्यांनी ती गुरवाच्या वाडीकडे वळवली. राघोदादांचं अंगण सारवलेलं होतं. दारात शेवंती उभी होती, तिचा नवरा आणि तिची दोन मुलं. कधी आली होती कुणास ठाऊक. अंगणात पालखी टेकली तशी ती पुढे आली, देवीची ओटी भरली, आणि तांदूळ पसरताना एकदाच तिने मान वर करून समोरच्या गर्दीकडे बघितलं. ज्यांनी ज्यांनी तिचं लग्न मोडताना माना डोलवल्या होत्या ते सगळे तिथंच होते. कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिने तिचं काम सावकाश पुरं केलं. कुणालाही घाई करायची हिंमत नव्हती.

ओटी भरून ती बाजूला झाली. ढोलवाले थांबलेले. खांद्यावर घेणारे खाली वाकून वाट बघत होते, भाऊजीसुद्धा, कारण गुरवाने सांगितल्याशिवाय आमच्याकडे पालखी हलत नाही. राघोदादांनी लेकीकडे बघितलं. तिने मान हलवली.

तेव्हा ते म्हणाले, “उचला.”